जंतूचं पूर्ण नाव: नागपुरातल्या एका तापाचं प्रकरण

या प्रकरणातल्या रुग्णाची आणि घरच्यांची परवानगी घेतली आहे. ओळख पटू नये म्हणून वय, व्यवसाय आणि घरचे तपशील थोडे बदलले आहेत. आजाराचा क्रम, आमचे निर्णय आणि आमच्या चुका मात्र जशा घडल्या तशाच लिहिल्या आहेत. मी नागपुरातल्या एका रुग्णालयात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहे. रुग्णाशी आमची भेट सहसा होत नाही, आमच्याकडे येतात त्या रक्ताच्या बाटल्या. या रुग्णासाठी मात्र मी चार वेळा वॉर्डात गेले. तसं का करावं लागलं, ते सांगायचं म्हणून हे लिहिते आहे.

पार्श्वभूमी

रुग्ण ५९ वर्षांचे, कॉटन मार्केटमधले भाजीचे आडते. घरात आणि बाजारात सगळे त्यांना भाऊ म्हणतात, मीही तेच म्हणते. पहाटे तीनला उठायचं, बाजार उरकून दहाला घरी यायचं, असं पस्तीस वर्षं चाललेलं. मधुमेह नाही, रक्तदाबाची एक गोळी. दिवसाला दोन-तीन पुड्या खर्रा, त्यामुळे दातांची दैना. रविवारी सावजी मटण. मूळव्याध जुनी. शौचाला कधीमधी रक्त दिसायचं, त्याचं कोणाला काही वाटत नसे.

होळीनंतर ताप येऊ लागला. संध्याकाळी अंग मोडून यायचं, रात्री घाम फुटायचा, सकाळी बरं वाटायचं. नागपुरात मार्च सरता सरता ऊन तापू लागतं, त्यामुळे घरच्यांनी आधी ‘ऊन लागलं’ म्हणून कैरीचं पन्हं दिलं. ताप हटेना तेव्हा जवळच्या दवाखान्यात विडाल तपासणी झाली. ती ‘पॉझिटिव्ह’ आली आणि टायफॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. सात दिवसांत ताप उतरला, पुढच्या आठवड्यात परत आला. पुन्हा विडाल, पुन्हा गोळ्या, या वेळी दहा दिवस. असे तीन फेरे झाले. वजन सहा किलोनं घटलं, कंबर दुखू लागली, जिना चढताना दम लागू लागला.

याच काळात हिमोग्लोबिन ९.१ निघालं. लाल पेशी लहान आणि फिकट, म्हणजे लोह कमी पडल्याची सरळ खूण. ‘तापानं रक्त आटलं’ असं सांगून लोहाच्या गोळ्या दिल्या गेल्या. त्या गोळ्यांनी शौच काळं होतं. त्यामुळे आतून रक्त जात असतं, तरी रंगावरून ते ओळखता आलं नसतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात भाऊ आमच्याकडे दाखल झाले.

अडचण

दाखल करून घेणाऱ्या निवासी डॉक्टर मुलीनं स्टेथोस्कोप लावून नीट, सावकाश ऐकलं. पुढच्या सगळ्या गोष्टी त्या दोन मिनिटांमुळे घडल्या. तिला हृदयाच्या ठोक्यांमागे एक फुंकर ऐकू आली. महिनाभराचा ताप आणि हृदयात नवा आवाज, म्हणजे झडपेला जंतुसंसर्ग झाला असण्याची शक्यता.

पहिला निर्णय इथे घ्यावा लागला. ताप १०१, घरचे घाबरलेले, ‘लगेच भारी इंजेक्शन द्या’ असा आग्रह. पण महिनाभर तोंडानं प्रतिजैविकं गेलेली असल्यामुळे जंतू अर्धमेले झालेले असणार आणि कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघायच्या तपासणीत, उगवणं अवघड होणार. भाऊंचा रक्तदाब ठीक होता, श्वास ठीक होता. आमच्या फिजिशियननी दोन दिवस थांबायचं ठरवलं. त्या काळात वेगवेगळ्या हातांतून, वेगवेगळ्या वेळी रक्ताचे तीन संच घेतले, म्हणजे सहा बाटल्या. तापलेल्या रुग्णाला औषधाविना ठेवणं वॉर्डातल्या कोणालाच आवडत नाही. रुग्ण स्थिर असेल तर मात्र या आजारात तेच योग्य असतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहापैकी पाच बाटल्यांत वाढ दिसली. सूक्ष्मदर्शकाखाली निळसर जांभळे गोल जंतू, साखळीत ओवलेले. मी वॉर्डात फोन केला, “स्ट्रेप्टोकॉकस दिसतोय.” पलीकडून लगेच उत्तर आलं, “म्हणजे दातांतूनच. खर्रा खातात ना!” मलाही ते पटलं. तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस किडक्या दातांमधून रक्तात शिरतात आणि झडपेवर बसतात, हे आम्ही सगळेच शिकलेलो. एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, महाधमनीच्या झडपेवर ११ मिलिमीटरचा जंतूंचा गोळा आणि मध्यम गळती दिसली. सेफ्ट्रिॲक्सोन हे प्रतिजैविक सुरू झालं, दंतवैद्याला बोलावणं गेलं. उगम सापडला, असं सगळ्यांनी मनात धरून टाकलं.

चौथ्या दिवशी प्लेटवर राखाडी, रक्त न विरघळवणाऱ्या वसाहती उगवल्या. जंतू ओळखायला लावलेली बाइल-एस्क्युलिनची नळी संध्याकाळपर्यंत काळी झाली. तोंडातले नेहमीचे स्ट्रेप्टोकॉकस ती काळी करत नाहीत. एन्टरोकॉकस हा त्यांच्यासारखाच दिसणारा दुसरा जंतू करतो. पक्कं ठरवायला पीवायआर नावाची काही मिनिटांची साधी तपासणी लागते, पण आमच्याकडे तिच्या चकत्या संपल्या होत्या आणि नव्या सकाळी येणार होत्या. एन्टरोकॉकसवर सेफ्ट्रिॲक्सोन एकटं चालत नाही. रुग्ण चुकीच्या औषधावर रात्र काढेल या धास्तीनं मी फोन उचलला आणि म्हटलं, “बहुधा एन्टरोकॉकस.” औषध बदललं, ॲम्पिसिलिन आणि जेंटामायसिन चालू झालं. जेंटामायसिन मूत्रपिंडाला त्रास देतं. भाऊंना त्याचे दोन डोस गेले.

सकाळी चकत्या आल्या. पीवायआर निगेटिव्ह. ६.५ टक्के मिठाच्या द्रवातली नळी काचेसारखी स्वच्छ, तिच्यात काही वाढलंच नव्हतं. एन्टरोकॉकस मिठात वाढतो. हा वाढला नाही. म्हणजे हा तिसराच, ज्याला जुने डॉक्टर स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस म्हणतात. दुपारी यंत्रानं नाव दिलं: स्ट्रेप्टोकॉकस गॅलोलिटिकस, उपजात गॅलोलिटिकस.

हा तोंडात राहणारा जंतू नाही, आतड्यात राहणारा आहे. त्याचं नाव रक्ताच्या अहवालात आलं की मोठं आतडं तपासायचं, हे वैद्यकात अर्ध्या शतकाहून जुनं ज्ञान आहे. भाऊंच्या फाइलमध्ये तोवर आतड्याबद्दल एक ओळही नव्हती.

नावावर इतका भर का

१९५१ साली अमेरिकेतल्या मॅकॉय आणि मेसन या डॉक्टरांनी झडपेचा संसर्ग आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग एकाच रुग्णात सापडल्याची नोंद केली. त्यांनी जंतूला एन्टरोकॉकस म्हटलं होतं. तेव्हा हे दोन्ही जंतू एकाच गटात मोडत. सत्तर वर्षांनी मी फोनवर तेच नाव घेतलं, हे मला त्या सकाळी फार लागलं. १९७७ साली दुसऱ्या एका अभ्यासात ६३ आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी ३५ जणांच्या विष्ठेत बोव्हिस सापडला, तर तुलनेसाठी घेतलेल्या १०५ जणांपैकी ११ जणांत. तेव्हापासून हा संबंध पाठ्यपुस्तकात आहे.

पुढे कळलं की ‘बोव्हिस’ हे एका जंतूचं नाव नसून एका कुटुंबाचं आहे. २००३ च्या सुमारास त्याची नीट विभागणी झाली. आतड्याच्या गाठींशी घट्ट नातं गॅलोलिटिकस उपजातीचं आहे. पाश्चुरिॲनस या भावंडाचं नातं बरंच सैल आहे, तो यकृत-पित्ताच्या आजारांत आणि तान्ह्या बाळांच्या संसर्गात जास्त भेटतो. म्हणून अहवालात नुसतं ‘स्ट्रेप्टोकॉकस’ लिहिणं म्हणजे पत्त्यावर फक्त ‘नागपूर’ लिहून पाकीट टपालात टाकण्यासारखं आहे. गॅलोलिटिकसचा रक्तसंसर्ग झालेल्या आणि आतडं पूर्ण तपासलेल्या रुग्णांच्या अभ्यासांत साधारण ६० टक्क्यांमध्ये पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरची, अजून कर्करोग न झालेली गाठ) किंवा कर्करोग आढळला आहे. यांतले बहुतेक पॉलिप असतात, म्हणजे वेळेवर काढता येणारे.

आधी गाठ की आधी जंतू, हा प्रश्न वॉर्डात लगेच आला. दोन्ही बाजूंनी पुरावे आहेत. गाठ असलेल्या आतड्यात पित्ताचं रसायन बदलतं. त्या वातावरणात हा जंतू गॅलोसिन नावाचं विष सोडून शेजारच्या एन्टरोकॉकसना मारतो आणि स्वतःला जागा करतो, हे २०१८ मध्ये उंदरांत दिसलं. म्हणजे गाठ आधी. दुसरीकडे या जंतूचे काही वाण आतड्याच्या कर्करोगपेशींची वाढ जोरात करतात, हेही प्रयोगशाळेत दिसलं आहे. सगळे वाण नव्हे, काहीच. त्याच्या अंगावरच्या एका प्रकारच्या केसांना कोलॅजन हे पेशींना आधार देणारं प्रथिन धरता येतं, आणि कोलॅजन गाठीच्या उघड्या पडलेल्या जागेत असतं तसं हृदयाच्या झडपेतही असतं. आतड्यातून थेट हृदयापर्यंतचा हा विचित्र प्रवास बहुधा त्यामुळेच होतो.

भाऊंसाठी मात्र त्या घडीला हा वाद महत्त्वाचा नव्हता. जंतू कारण असो की खूण, आतडं बघायलाच हवं होतं.

पर्याय

मी अहवाल घेऊन वॉर्डात गेले. तिथे फिजिशियन, हृदयरोगतज्ज्ञ आणि पोटाचे डॉक्टर यांच्याबरोबर बसून आम्ही पर्याय मांडले.

पहिला, लगेच कोलोनोस्कोपी, म्हणजे खालून दुर्बिणीची नळी घालून मोठं आतडं आतून बघणं. हृदयरोगतज्ज्ञांनी त्याला नकार दिला आणि तो बरोबर होता. झडपेवरचा गोळा सुटून मेंदूत जाण्याचा धोका औषधाच्या पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त असतो. त्यात पोट साफ करायला दोन-चार लिटर औषधाचं पाणी प्यायचं, बाहेर ४४ अंश, आणि झडप गळणारी. शरीरातलं पाणी कमी झालं तरी पंचाईत, सलाईन जास्त झालं तरी पंचाईत.

दुसरा, आधी विष्ठेतलं रक्त तपासायचं, नाही निघालं तर पुढचं टाळायचं. हे लक्षणं नसलेल्या माणसांच्या चाळणीसाठी ठीक आहे. इथे लोह कमी होतं, जंतू सापडला होता, शिवाय मूळव्याध होती. निगेटिव्ह आलं तरी विश्वास ठेवता येत नव्हता आणि पॉझिटिव्ह आलं तर सगळे मूळव्याधीवर ढकलून मोकळे झाले असते.

तिसरा, पोटाचा सीटी स्कॅन. तो नाहीतरी प्लीहा आणि मूत्रपिंडांसाठी करायचा होताच. झाला, आणि आतड्याबद्दल ‘विशेष काही नाही’ असा आला. साध्या सीटीत लहान गाठ सुटू शकते. त्या एका ओळीमुळे कोलोनोस्कोपी जवळजवळ रद्द झाली होती, म्हणून हे मुद्दाम सांगते.

चौथा, दोन आठवड्यांनी सुट्टी द्यायची, घराजवळच्या दवाखान्यात रोजचं इंजेक्शन घ्यायचं, आणि चार आठवड्यांचा कोर्स संपल्यावर ओपीडीत येऊन कोलोनोस्कोपी करायची. कागदावर हाच सर्वांत समंजस पर्याय होता. खर्चही कमी. माझा विरोध याला होता. ताप गेलेला माणूस, बाजारात आंब्याचा हंगाम, अक्षय्य तृतीया तोंडावर, आणि तपासणी अशी की जिचं नाव काढायला घरात लाज. भाऊ परत येणार नाहीत, असं मला स्पष्ट वाटत होतं.

ठरलं ते असं: औषधाचे दोन आठवडे पूर्ण होऊ द्यायचे, एको पुन्हा बघायचा, आणि तिसऱ्या आठवड्यात सुट्टी देण्याआधीच कोलोनोस्कोपी करायची. उपजातीची जनुकावरून खात्री करायला नमुना बाहेर पाठवला होता, पण त्या अहवालासाठी थांबायचं नाही.

भाऊंचं म्हणणं आणि मुलाचा प्रश्न

दुसऱ्यांदा वॉर्डात गेले ती भाऊंना समजवायला. फिजिशियनच म्हणाले, “मॅडम, जंतू तुमचा आहे, तुम्हीच सांगा.”

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मॅडम, बिमारी छातीत हाय म्हणता, अन् नळी खालून काहून टाकता?”

मी म्हटलं, “भाऊ, बाजारात एखाद्या पोत्यात सडका माल निघाला तर तुम्ही तेवढं पोतं फेकून गप्प बसता का? तो माल कोणत्या गाडीतून उतरला, ते बघता ना?”

“बघावंच लागते. नाही तं उद्या पुन्हा येते.”

“तेच करायचं आहे. जंतू हृदयात सापडला, पण त्याचं घर आतड्यात आहे. तो तिथून का निघाला, ते बघायचंय.”

ते थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग काकू म्हणाल्या, “अहो, करून घ्या न. एवढे दिवस पडून राह्यलेच हाओ.” त्यावर त्यांनी मान डोलावली. काकूंचं ते एक वाक्य आमच्या सगळ्या समजावणीपेक्षा जास्त कामी आलं.

मुलाचा प्रश्न वेगळा होता. तो पुण्यात नोकरी करतो, वय ३४. रात्रभर मोबाइलवर वाचून आला होता. “मॅडम, ई. कोलायचा एक वाण कॅन्सर करतो असं वाचलं. घरी नमुना घेऊन पाठवायचा, सगळे आतड्यातले जंतू सांगतात, असा किट मागवू का बाबांसाठी? मग नळीची गरज पडणार नाही. आणि प्रोबायोटिक लगेच सुरू करू?”

या मुलावर रागावण्यात अर्थ नव्हता. त्यानं वाचलेलं खोटंही नव्हतं. ई. कोलायच्या काही वाणांजवळ पीकेएस नावाचा जनुकसमूह असतो, त्यातून कोलिबॅक्टिन नावाचं द्रव्य बनतं आणि ते पेशीच्या डीएनएला इजा करतं. हे २००६ पासून माहीत आहे. २०२० मध्ये हॉलंडमधल्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी आतड्याच्या पेशींना पाच महिने या वाणाच्या संपर्कात ठेवलं. डीएनएत उमटलेला ठसा इतका खास होता की तो पुढे खऱ्या रुग्णांच्या गाठींत ओळखता आला. २०२५ मध्ये ११ देशांतल्या ९८१ गाठींचा जनुकीय अभ्यास आला. चाळिशीच्या आत कर्करोग झालेल्यांत हा ठसा सत्तरी ओलांडलेल्यांपेक्षा ३.३ पट जास्त आढळला. ही इजा लहानपणीच, पहिल्या दहा वर्षांत होत असावी, असा अंदाज त्यातून निघतो.

मी त्याला म्हटलं, “यातच तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. ठसा बालपणी उमटला असेल तर बाबांच्या आजच्या विष्ठेत तो वाण असला काय, नसला काय. आणि निरोगी माणसांतही साधारण पाचातल्या एकाच्या आतड्यात तो असतो. किटमध्ये सापडला तर तुझी झोप उडेल, नाही सापडला तर तू निश्चिंत होशील. दोन्ही वेळा गाठ असेल तिथेच असेल.”

तोंडातल्या फ्युसोबॅक्टेरियम न्युक्लिएटमबद्दलही त्यानं विचारलं. २०१२ मध्ये तो आतड्याच्या गाठींत मोठ्या प्रमाणात सापडला. २०२४ मध्ये कळलं की त्याच्या एका उपजातीचा ‘सी २’ हा एकच उपगट यात पुढे आहे आणि तपासलेल्या गाठींपैकी सुमारे निम्म्यांत तो होता. दात आणि हिरड्या सांभाळायला, खर्रा सोडायला हे आणखी एक कारण म्हणता येईल. खर्रा सोडायला तोंडाच्या कर्करोगाचं एक कारण पुरेसं आहे, हेही मी त्याला सांगितलं. जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरीला १९९४ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं कर्करोगकारक ठरवलं. मोठ्या आतड्याच्या कोणत्याही जंतूबद्दल तसा निकाल अजून नाही.

प्रोबायोटिकला मी स्पष्ट नाही म्हटलं. झडपेवर जंतूंचा गोळा बसलेल्या माणसाला आणखी जिवंत जंतू पाजायचे नाहीत. शिवाय प्रोबायोटिक म्हणून शंभर वर्षं वापरात असलेल्या ई. कोलाय निसल १९१७ या वाणाजवळही तोच पीकेएस समूह आहे, हे ऐकून मुलगा गप्प झाला.

जाता जाता काकूंनी विचारलं, “सावजीच्या तिखटानं तं नाही झालं?” तिखटानं नाही. लाल मांस फार खाल्ल्यानं आतड्याच्या कर्करोगाचा धोका काहीसा वाढतो असं पुरावे सांगतात, म्हणून रविवारचं मटण महिन्यातून एकदा करा, एवढं सांगितलं.

काय केलं

पाचव्या दिवसापासून पुन्हा सेफ्ट्रिॲक्सोन, रोज दोन ग्रॅम, एकूण चार आठवडे. पेनिसिलिन या जंतूवर पूर्ण चालत होतं. मूत्रपिंडांना जेंटामायसिनमुळे इजा झाली नाही. आठव्या दिवसापासून ताप आला नाही. कंबरेच्या एमआरआयमध्ये मणक्यात संसर्ग दिसला नाही. तिसऱ्या आठवड्याच्या एकोमध्ये गोळा ७ मिलिमीटरवर आला होता, गळती तेवढीच.

पहिली कोलोनोस्कोपी फसली. भाऊंनी जुलाबाचं औषध अर्धंच घेतलं होतं. उलटी आली आणि उरलेलं त्यांनी बेसिनमध्ये ओतलं, कोणाला सांगितलं नाही. दुर्बीण डाव्या बाजूनं वर गेली, पुढे मळानं काही दिसेना. दिसला तेवढा भाग स्वच्छ होता, मूळव्याध होती. “डावी बाजू तरी ठीक आहे, उरलेलं नंतर बघू,” असा सूर निघाला. पोटाच्या डॉक्टरांनी मात्र अहवालावर ‘अपूर्ण’ असं ठळक लिहिलं आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा घ्यायचं ठरवलं. या वेळी औषध दोन भागांत दिलं, अर्धं रात्री आणि अर्धं पहाटे, थंड करून, लिंबू पिळून. निवासी डॉक्टर पहाटे चारला त्यांच्याजवळ बसून होती. भाऊंची ती उठायचीच वेळ.

उजव्या बाजूला, चढत्या आतड्यात, अडीच सेंटिमीटरची गाठ निघाली. स्पर्श होताच रक्त येणारी. तुकड्याचा अहवाल चार दिवसांनी आला: कर्करोग. उजव्या बाजूची गाठ बरेचदा अशीच असते, पोट अडत नाही, दुखत नाही, थेंब थेंब रक्त जाऊन माणूस पांढरा पडतो.

पुढचा प्रश्न क्रमाचा होता. आधी झडप की आधी आतडं? कृत्रिम झडप बसवली आणि रक्त पातळ करणारी गोळी सुरू झाली तर आतड्याची शस्त्रक्रिया अवघड झाली असती. झडप गळत होती, पण हृदय तोलून धरत होतं. आधी आतडं, असं ठरलं. प्रतिजैविकांचा कोर्स पूर्ण झाल्यावर, रक्ताचं कल्चर पुन्हा निगेटिव्ह आल्यावर, मे अखेरीस दुर्बिणीतून उजवं आतडं काढलं. शस्त्रक्रिया महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसली. त्याआधीच्या तपासण्यांचे पैसे घरच्यांनीच भरले, त्यासाठी काकूंच्या पाटल्या मोडल्या.

निष्पत्ती

गाठ आतड्याच्या स्नायूंच्या थरापर्यंत गेली होती, बाहेर नाही. तपासलेल्या १८ लसिका ग्रंथींपैकी एकीतही कर्करोग नव्हता. केमोथेरपीची गरज पडली नाही. उपजातीचा बाहेरचा अहवाल शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधी येऊन पडला होता, आणि तोही गॅलोलिटिकसच म्हणत होता.

तान्ह्या पोळ्याच्या आठवड्यात भाऊ तपासणीला आले. हिमोग्लोबिन १२.८, वजन चार किलोनं वाढलेलं. खर्रा सुटला आहे, असं ते म्हणतात. काकूंचं मत थोडं वेगळं आहे. झडपेची गळती तशीच आहे, दर सहा महिन्यांनी एको करायचा आहे आणि पुढे कधी झडप बदलावी लागेल. वर्षानं पुन्हा कोलोनोस्कोपी. मुलाला चाळिशीत कोलोनोस्कोपी करायला सांगितलं आहे, त्यानं मान्य केलं. भाऊंच्या धाकट्या भावाला, वय ५४, आत्ताच करायला सांगितलं. तीन वेळा तारीख घेऊन तो आलेला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत मोठी चूक पहिल्याच आठवड्यात झाली आणि ती एका दवाखान्याची म्हणता येणार नाही, ती आमच्या सगळ्या भागाची सवय आहे. विडाल तपासणी १८९६ सालची. टायफॉइड जिथे नेहमीचा आहे तिथे निरोगी माणसाच्या रक्तातही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. एकदाच केलेल्या विडालवरून टायफॉइड ठरवू नये, हे आम्ही विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवतो आणि तेच विद्यार्थी दवाखान्यात बसले की विडालच लिहितात. कारण कल्चर महाग, उत्तर तीन दिवसांनी, आणि रुग्णाला गोळी आज हवी. मी हे समजू शकते. तरीही पहिली गोळी देण्याआधी कल्चरच्या दोन बाटल्या घेतल्या असत्या तर भाऊंची झडप महिनाभर कुरतडली गेली नसती. गोळ्या देऊन ताप दबला, परत आला, यालाच खूण मानायला हवं होतं. दुसऱ्या फेऱ्याला तरी.

दुसरी गोष्ट लोहाची, आणि माझ्या मते तीच जास्त शिकण्यासारखी आहे. पन्नाशीपुढच्या पुरुषाला लोह कमी पडतं तेव्हा ते कुठून तरी गळत असतं. पाळी नाही, बाळंतपण नाही, मग रक्त जाणार कुठून? पोटातून. ताप आला नसता, जंतू रक्तात शिरला नसता, तरी या एका आकड्यावरून आतडं तपासायला हवं होतं. आपल्या सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचा कर्करोग शोधतात, मोठ्या आतड्याचा नाही. म्हणून अशा योगायोगानं दिसणाऱ्या खुणांचं मोल इथे जास्त. दाखल झाल्यावर आम्हीही त्या ९.१ कडे ‘जुनाट तापाचा परिणाम’ म्हणूनच पाहिलं. जंतूचं नाव आल्यावर सगळ्यांना तो आकडा आठवला.

तिसरी माझी. पीवायआरच्या चकत्या संपलेल्या असताना मी ‘बहुधा एन्टरोकॉकस’ म्हणायला नको होतं. ‘एन्टरोकॉकस किंवा बोव्हिस, सकाळी सांगते, रात्रीपुरतं दोघांवर चालेल असं ॲम्पिसिलिन द्या, जेंटामायसिन थांबवा,’ एवढं सांगता आलं असतं. घाईत एक नाव घेतलं की ऐकणारा ‘बहुधा’ विसरतो. आता चकत्यांची एक डबी नेहमी राखीव असते.

चौथी, अहवालाची भाषा. आमचा छापील अहवाल नाव आणि औषधांची यादी देऊन संपायचा. मी वॉर्डात गेले नसते तर ‘स्ट्रेप्टोकॉकस गॅलोलिटिकस, सेफ्ट्रिॲक्सोनला संवेदनशील’ एवढंच फाइलला लागलं असतं, सीटी ‘विशेष काही नाही’ होताच, आणि भाऊ बरे होऊन घरी गेले असते. आता या जंतूच्या अहवालाखाली आपोआप एक ओळ छापली जाते: ‘या जंतूचा मोठ्या आतड्याच्या गाठींशी संबंध आहे, पूर्ण कोलोनोस्कोपी करावी.’ ‘पूर्ण’ हा शब्द पहिल्या फसलेल्या प्रयत्नानंतर घातला.

कोलोनोस्कोपी दाखल असतानाच करायची की नंतर, यावर आमच्यात आजही एकमत नाही. हृदयरोगतज्ज्ञ म्हणतात, कोर्स संपेपर्यंत थांबलो असतो तर जास्त सुरक्षित झालं असतं. वैद्यकीयदृष्ट्या त्यांचं चुकत नाही. मी धाकट्या भावाच्या तीन तारखांकडे बोट दाखवते.

जुलैत मी आमचं जुनं रजिस्टर काढलं. ‘स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस’ एवढंच लिहिलेल्या तीन नोंदी सापडल्या, कोणाच्याही फाइलमध्ये कोलोनोस्कोपी नव्हती. वरिष्ठांशी बोलून, उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या मार्फत फोन केले. एक नंबर बंद होता. एका घरी सांगितलं की ते मागच्या वर्षीच वारले. तिसऱ्या बाई काटोलकडच्या, फोन त्यांच्या मुलीनं घेतला. “आईचा ताप तं कधीचाच गेला, आता काहून बोलावता?” मी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. सोयाबीन निघालं की आईला घेऊन येते, असं ती म्हणाली. तारीख वहीत लिहून ठेवली आहे. त्याआधी मी तिला पुन्हा फोन करणार आहे.